दुसरा टाकला

आमच्या गाडीत इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नाही.
तो महागाच्या मॉडेलात होता,
आणि ह्यांनी दोन हजार नऊ साली
सोळा हजार वाचवले.
म्हणून ऐकावं लागतं.

ह्यांचा नियम एकच: वरचा टाक.
वीसला तिसरा, तीसला चौथा,
गाडी कण्हली तर कण्हू दे,
पेट्रोल काय बापाच्या विहिरीतून येत नाही.
पंधरा वर्षं मी डावीकडे बसून ते कण्हणं ऐकलं.
ग्लोव्ह बॉक्सचं झाकण टकटक वाजायचं,
ते गुडघ्यानं दाबून धरायचे.
मला वाटायचं, रस्ताच तसा असेल.

मग ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला.
एकसष्टाव्या वर्षी मी लायसन काढलं
आणि आम्ही जागा बदलल्या.

मरोळ गावठाणात, क्रूसाच्या मागे,
शेवग्याखाली दुमिंग मिस्त्रीचं गॅरेज.
त्याला विचारलं, कमी फेऱ्यांवर चालवली
तर खरंच काही बिघडतं का,
की उगाच आपलं?
त्यानं हात पुसले. लगेच बोलला नाही.
"सपाटीला, पाय हलका, तर काय पन नाय होत, बाय.
जाऊ दे चौथ्यात डुलत डुलत.
पन चढ आला, आत चार माणसं,
आनी तू टॉपमधीच पाय दाबत बसली,
मंग ती बोलते.
बोलते तवा ऐकायचा."

डब्यातून त्यानं एक बेअरिंग काढलं,
अर्ध्या बांगडीसारखी पट्टी.
वरचा राखाडी मुलामा मधोमध उडालेला,
खाली तांबं.
कल्हई गेलेलं पातेलं मी ओळखते,
त्यात ताक ठेवत नाहीत.
"हितं ऑइलचा पापुद्रा असतो.
फेरे कमी नि भार जास्त, का तो फाटतो.
एका दिसात नाय. रोज थोडा."
आमचंच का हे, मी विचारलं.
"नाय. एका डॉक्टरचा."

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं
आवाज चढू न देण्याचा मी पगार घेतला.
घरी तेच काम फुकट केलं.
सासूबाईंचं अंथरूण, दोन बाळंतपणं, पतपेढीचे हप्ते,
आणि खालच्या मजल्यावरच्या खरातबाई म्हणायच्या,
तुमच्याकडे कोणी राहतं की नाही?

काल आरेच्या चढावर
मागे टेम्पो चिकटलेला,
आत आम्ही दोघं, ह्यांची मावसबहीण इंदुताई,
तिची मुलगी, आणि मांडीवर दोन कोहळे.
तिसऱ्यात गाडी धडधडायला लागली.
झाकण वाजलं.
ह्यांनी ते गुडघ्यानं दाबलं,
न बघता, जसं मी दाबायचे.

मी क्लच दाबला, दुसरा टाकला.
इंजिन ओरडलं.
केवढ्यानं! कोहळा खाली घरंगळला.
"पेट्रोल," हे म्हणाले.
"असू दे," मी म्हणाले,
आणि ते इतक्या मोठ्यानं निघालं
की इंदुताईनं पदर सावरला.
टेम्पो मागे राहिला.
झाकण गप्प.
जरा वेळानं ह्यांनी गुडघा काढून घेतला.

वर सपाटी लागली, तबेल्यांचा वास.
तिसरा. मग चौथा.
अडतीसचा वेग, पाय नुसता टेकवलेला.
इंजिन गुणगुणत होतं, कसली तक्रार नाही.
ह्यांनी मान तिरपी करून बराच वेळ ऐकलं.
दिसेनासं झाल्यापासून
ह्यांना जास्तच ऐकू येतं.
"कितव्यात आहेस?"
"चौथ्यात."
"बघ. मी काय सांगत होतो."

सपाटीवर त्यांचं बरोबरच होतं.
मी हो म्हटलं.
पुढे वळणानंतर अजून एक चढ आहे.
हात मी गिअरवरच ठेवला.